गायी उतरायचा दिवस

नोटबुर्गाने तार दातांत धरली, स्प्रूसच्या डहाळीवर कागदी गुलाबांचा झुबका टेकवला आणि दोन्ही हातांनी पीळ असा आवळला की पडवीत झोपलेली मांजर दचकून उठली. मग मुकुट उचलून तिने गदागदा हलवून पाहिला. एक पाकळी गळली नाही. गायीच्या डोक्यावर बसून अख्खा डोंगर उतरायचा तर असंच हवं.

बाकीचे मुकुट गवताच्या गाडीवर ओळीने मांडून झाले होते. कळपाची म्होरकी ग्रेफिन, तिचा सगळ्यांत उंच. मधोमध नजर परतवणारा गोल आरसा, वर लाकडी क्रूस, दोन्ही बाजूंना लाल-पांढऱ्या फिती. नोटबुर्गाच्या हातात होता तो शेवटचा, ब्लेसचा. उद्या गायी उन्हाळी कुरणावरून खाली यायच्या होत्या. एरवी लेर्खताल खोरं पाहुण्यांचं. हिवाळ्यात स्की खेळायला येणाऱ्यांचं, उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या अडकवून डोंगर चढणाऱ्यांचं. सप्टेंबरातला हा एक दिवस मात्र गायींचा. वर गेलेलं प्रत्येक जनावर धड परत आलं तरच मुकुट चढतात. एक जरी गेलं तरी कळप उघड्या डोक्याने, घंटांमध्ये गवत कोंबून, मुकाट्याने घरी येतो.

या उन्हाळ्यात नोटबुर्गा वर गेली नव्हती. तिच्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. वसंतात तिचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरने चढाव बंद केले, गवत कापणं बंद केलं, आणि स्कीचं नाव काढताच तो नुसता हसला होता. मग कुरणावर कोण जाणार? मुलगा आल्बिन खालचं गवत सोडून जाऊ शकत नव्हता. गेली ती सून, वीबके.

वीबके उत्तरेच्या समुद्रकाठची. तिथली जमीन इतकी सपाट की तिच्या माहेरी अंगणात उभं राहिलं तर पाहुणा आदल्या दिवशीच दिसतो, असं आल्बिन सांगायचा. एका हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर स्की शिकायला आली, नवशिक्यांच्या उतारावर तोंडावर आपटली, आणि बर्फ सपाट करायच्या यंत्रावर असलेल्या आल्बिनने तिला ओढून बाहेर काढली. आल्बिनने बर्फातून मासळी पकडली, असं गाव म्हणालं. लग्न होऊन पाच-सहा वर्षं उलटली, मासळी हे नाव काही सुटलं नाही. ती कुरणावर निघाली तेव्हाही खाणावळीत हसाहशी झाली होती, की गायींना आता पोहायला शिकवणार. नोटबुर्गा हसली नव्हती. पण तिने कुणाला गप्पही केलं नव्हतं.

अंगणात छत्री झटकल्याचा आवाज आला आणि दारात सेराफिन उभा राहिला. खोऱ्याच्या पर्यटन मंडळाचा प्रमुख, आणि त्याआधी शाळेतला तिचा बाकसोबती. त्याने टोपी काढली, आत आला, गाडीवरचे मुकुट पाहिले आणि पुन्हा टोपी हातात फिरवू लागला.

"बुर्गी, तुझा फोन कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. का रे?"

"कळप उतरवायला कालच वर गेलेला आल्बिन सकाळपासून लावतोय. शेवटी त्याने मला केला." सेराफिन एक पाऊल पुढे आला. "वर काल संध्याकाळपासून बर्फ पडतोय. मोजणीला एक गाय कमी भरली. ब्लेस."

नोटबुर्गाच्या हातातली तार थांबली.

"आणि वीबके उजाडायच्या आत तिला शोधायला गेली, ती अजून परतलेली नाही. आल्बिन आणि बचाव दलाची माणसं ओढ्याच्या घळीत उतरलीत. सापडेल गं ती. माणसं जाणती आहेत." तो पुढचं वाक्य तोंडात घोळवून मग बोलला. "आता वेळ नाही हे विचारायची, पण मला विचारावंच लागतं. गाय नाही सापडली तरी उद्या मुकुट... म्हणजे, बसगाड्या भरून माणसं येतायत. बँड ठरलाय. त्यांना कुठे कळणार आहे गायी किती गेल्या नि किती आल्या?"

"त्यांना नाही कळणार."

"तेच म्हणतो मी."

"गायींना कळेल." तिने ब्लेसचा मुकुट गाडीवर ठेवला. "तुला एवढी हौस असेल तर तुझ्या बँडवाल्यांच्या डोक्यावर बांध. बाजूला हो."

ती त्याला वळसा घालून माळ्याच्या शिडीकडे गेली. सेराफिनला आधी काही उमगलं नाही. शिडीवर एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, असं करत ती वर चढली. थोड्या वेळाने वरून दोन जुन्या स्की सरकत खाली आल्या आणि त्याच्या बुटांशी येऊन पडल्या.

"बुर्गी! तुझा गुडघा!"

"नवा आहे," वरून आवाज आला. "बघू तरी काय दिलंय त्यांनी."

*

ब्लेसला वासरू व्हायचं होतं. अजून महिनाभर अवकाश होता, पण ब्लेसने कधी कुठल्या हिशोबाची पर्वा केली नव्हती. व्यायला आलेली गाय बर्फात ओढ्याकडे जात नाही. ती आडोसा शोधते. तसा आडोसा त्या बाजूला एकच होता. कड्याच्या पोटात पाण्यावाऱ्याने कोरलेली एक मोठी खोबण होती. छोट्या प्रार्थनाघरासारख्या आकारामुळे तिला चॅपल म्हणत. आता तिकडे कुणी फिरकत नसे. आल्बिनला ती लहानपणी दाखवलेली, त्याच्या लक्षात असेल-नसेल. वीबकेला दाखवलीच नव्हती. जूनमध्ये निघताना वीबकेने विचारलं होतं, अजून काही सांगायचंय का. नोटबुर्गा म्हणाली होती, गायी सांगतील.

रोपवेच्या खालच्या ठाण्यावर पाळणे ओळीने गप्प लटकत होते. खिडकीत बसलेल्या इग्नात्सने तिला स्की खांद्यावर घेऊन लंगडत येताना पाहिलं आणि हातातला पाव खाली ठेवला.

"पाळणा सुरू कर," ती म्हणाली.

"आज बंद आहे. वारा आहे. आणि पाहुणे नाहीत."

"मी पाहुणी आहे. फाड तिकीट."

इग्नात्सने तिच्या तोंडाकडे पाहिलं. खोऱ्यात बातमी सगळ्यांना पोचली होती. तो उठला, बाहेर जाऊन ध्वजाकडे बराच वेळ बघत राहिला, मग परत आला.

"वारा उतरलाय. पण हळू सोडीन. मधे थांबला तर ओरडू नकोस."

"घळीतल्या माणसांचे फोन लागत नाहीत. तू वायरलेसवर सांग, चॅपलकडे या म्हणावं. खालून चढून यायला त्यांना दुपार होईल. मी वरून उतरते."

"तुला आठवतंय ना सगळं, बुर्गी?"

ती पाळण्यात बसत होती. "लहान होते तेव्हा इथे रोपवे नव्हता, इग्नात्स. सगळं पायी चढायचं आणि एकदाच उतरायला मिळायचं. विसरेन कशी?"

पाळणा ढगात शिरला. जंगल गेलं, मग खालचे खांबही गेले. नोटबुर्गाने दोन्ही हातांनी गुडघा चोळला. ज्या मुलीला आपण धड निरोपही दिला नाही ती या पांढऱ्यात कुठेतरी होती. ओठ हलवत तिने संत नोटबुर्गाची प्रार्थना सुरू केली, अर्ध्यावर विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

वरच्या ठाण्यावर शुकशुकाट होता. गवतावर ताजा, ओला, जड बर्फ मांडीपर्यंत साचलेला. पायी गेली असती तर शंभर पावलांत दमली असती. तिने स्की पायात अडकवल्या. पट्ट्यांची ती खटकन बसायची जाणीव टाचेतून थेट मानेपर्यंत गेली. ती उताराच्या कडेला उभी राहिली. खाली काहीच दिसत नव्हतं. पण पायांना उतार कळत होता. डावीकडे कडा, उजवीकडे सुळक्यांची रांग, मधे रुंद पाठ. या पाठीवरून ती परकर खोचून उतरली होती, वडिलांनी लाकडाच्या फळ्या घासून दिलेल्या स्कीवर, गावातल्या सगळ्या पोरांना मागे टाकून. सेराफिनलाही.

"चल," ती स्वतःला म्हणाली आणि वजन पुढे टाकलं.

पहिलं वळण डाव्या पायावर घेतलं. डावा पाय स्वतःचा होता. दुसरं वळण उजव्यावर आलं. तिने श्वास रोखला, गुडघा वाकवला आणि त्यावर उभी राहिली. आत कुठेतरी काहीतरी करकरलं, दुखलं, आणि धरलं. गुडघ्याने तिला धरलं. तिच्या घशातून एक आरोळी सुटली. गायींना हाक मारायची ती लांब, उंच जाणारी आरोळी कड्यावर आदळून परत आली. तिसरं वळण. चौथं. बर्फ दोन्ही बाजूंना पिसासारखा उडत होता. चौसष्ट वर्षांची बाई सप्टेंबर महिन्यात ढगातून डोंगर उतरत होती आणि तिला थांबावंसं वाटत नव्हतं.

मग खालून उत्तर आलं. माणसाचं नाही. घंटेचं. टण्ण, आणि मधे थांबून पुन्हा टण्ण. घंटा संथ वाजत होती. घाबरलेल्या जनावराची घंटा अशी वाजत नाही.

चॅपलच्या तोंडाशी बर्फ अर्धा मीटर साचला होता, पण त्यात आत गेलेली एक वाट तुडवलेली होती. नोटबुर्गा स्की आडव्या घालून थांबली. आत काळोख होता, गायीच्या अंगाची ऊब होती आणि शेण-दुधाचा ओळखीचा वास होता. ब्लेस भिंतीशी उभी, रवंथ करत. तिच्या पायांशी वीबके बसलेली, पाठ गायीच्या पोटाला टेकवून. अंगात नुसता लोकरीचा सदरा. जॅकेट मांडीवरच्या एका ओल्या, करड्या गाठोड्याभोवती गुंडाळलेलं. गाठोड्यातून एक गुलाबी नाक बाहेर आलं होतं आणि ते वीबकेचं बोट चोखत होतं.

वीबकेने वर पाहिलं. आधी चेहरा, मग बूट, मग स्की.

"तू स्कीवर आलीस? अगं, वेड लागलंय का तुला? डॉक्टरने काय सांगितलं होतं..." आणि तिने जीभ चावली. सहा वर्षांत तिने सासूला कधी तू म्हटलं नव्हतं. "आई, म्हणजे, तुम्ही..."

"चालू दे. इतक्या उंचीवर आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतो." नोटबुर्गाने हातमोजे काढले, वासराच्या तोंडात बोट घातलं, छातीवर हात ठेवला, कान चाचपले. "चीक प्यायलं?"

"दोनदा. आधी उभंच राहीना. मग मीच आचळ तोंडात दिलं."

"वार पडली?"

"पडली. पूर्ण आहे. बघितली मी."

वाचवायला म्हणून नोटबुर्गाने करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती स्वतःचा कोट काढून वीबकेच्या खांद्यांवर टाकू लागली. वीबके नको म्हणत होती, पण तिचे दात वाजत होते, त्यामुळे तो नकार काही नीट झाला नाही.

"ही जागा तुला कुणी सांगितली?" नोटबुर्गाने विचारलं.

"कुणी नाही. हीच जूनपासून संध्याकाळी इकडे तोंड करून उभी राहायची. मी एकदा मागोमाग आले." वीबकेने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "काल सगळे म्हणाले, बर्फात बिथरली असेल, ओढ्यात गेली असेल. पण आमच्याकडे भरतीचं पाणी कुरणात शिरतं ना, तेव्हा मेंढ्या अशाच नाहीशा होतात. बाबा म्हणायचे, पाणी कुठून आलं ते बघत बसू नका, मेंढीला उन्हाळाभर कुठे बसायला आवडत होतं ते आठवा."

"तुझ्या वडिलांकडे मेंढ्या होत्या?"

"चारशे."

"कधी बोलली नाहीस."

वीबके वासराच्या कानामागे खाजवत राहिली. त्या मुलीला कधी कुणी विचारलं नव्हतं, हे दोघींनाही तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

बाहेर ढग फाटू लागला होता. खाली, फार खाली, कुरणावरच्या झोपडीचं छप्पर दिसलं. तिथवर जायचं तर वासरू चालू शकत नव्हतं, आणि वासरू सोडून ब्लेस हलणार नव्हती. वीबके म्हणाली, मी उचलते. उभी राहिली आणि लगेच भिंतीला धरून बसली. रात्र संपायच्या आधीपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं.

नोटबुर्गाने खिशातला पावाचा तुकडा तिच्या हातात दिला आणि स्वतः वाकून स्कीचे पट्टे सोडले. दोन्ही स्की शेजारी शेजारी ठेवल्या. काठ्या आडव्या टाकल्या. कमरेचा एप्रन सोडून त्याच्या फाडून पट्ट्या केल्या आणि काठ्या स्कीवर आवळून बांधल्या. सकाळपासून मुकुट बांधणारे हात होते ते. गाठ सुटायची शक्यता नव्हती. वीबके खाता खाता बघत होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती घास तोंडात तसाच ठेवून हसली.

"मग तू खाली कशी जाणार?"

"ब्लेसची शेपटी धरून. लहानपणी आजी अशीच न्यायची आम्हाला."

वासरू स्कीवर निजवलं, जॅकेटच्या बाह्या खालून बांधल्या. एप्रनच्या उरलेल्या पट्ट्यांची दोरी धरून वीबके पुढे ओढायला, मागे वासराला हुंगत ब्लेस, आणि तिच्या शेपटीला धरून नोटबुर्गा. अशी ती चौघं डोंगर उतरू लागली. गुडघा आता ओरडून बोलत होता. दर पावलाला नोटबुर्गा त्याला एक शिवी देत होती आणि पुढची वीबके ती मोठ्याने पुन्हा म्हणत होती, खोऱ्याच्या बोलीत, चुकीच्या सुरात. तिसऱ्या-चौथ्या शिवीला सूर जमला.

निम्म्या वाटेवर बचाव दलाची माणसं भेटली. सगळ्यांत पुढे आल्बिन, घामाने भिजलेला, चेहरा राखेसारखा. त्याने आधी बायकोला मिठी मारली, मग आईला, मग काय करावं न कळून ब्लेसच्या मानेला. दलाचा म्होरक्या लॉरेन्झ, दाढीवाला, खाणावळीत ज्याच्या विनोदांना सगळ्यांत जास्त हशा पडतो तो, स्कीवरचं वासरू बघत उभा राहिला.

"मासळीने..." त्याने सुरुवात केली.

"तिचं नाव वीबके आहे," नोटबुर्गा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आणि दोरी घे तिच्या हातातून. तिने पुष्कळ ओढलंय."

लॉरेन्झने टोपी काढली. ती परत घालायला तो विसरला. दोरी घेऊन तो खालपर्यंत तसाच उघड्या डोक्याने चालला.

*

दुसऱ्या दिवशी आकाश असं स्वच्छ होतं की जणू काही झालंच नाही. नोटबुर्गाचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. डॉक्टर येऊन तासभर बोलून गेला. तिने सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, पण टिकला ना? डॉक्टरला नाइलाजाने हो म्हणावं लागलं.

मिरवणुकीत तिने घोडागाडीत बसावं असं आल्बिनने फार विनवलं. सेराफिन स्वतः उशी घेऊन आला. त्याने माफी मागितली नाही, पण उशी चांगली मऊ होती. नोटबुर्गाने दोघांनाही वाटेला लावलं. गाडीत वासराला बसवा म्हणाली. मग काठी घेऊन, पाय ओढत, गावातल्या चर्चपाशी रस्ता वळतो तिथे जाऊन पाहुण्यांच्या गर्दीत उभी राहिली.

गर्दी दाट होती. मुलं बापांच्या खांद्यांवर, हातात गरम तळलेले साखरेचे वडे, सगळीकडे लोण्याचा वास. तिला ओळखणारं आसपास कुणी नव्हतं. गावातली सगळी माणसं मिरवणुकीत तरी होती, नाहीतर बिअरच्या पिंपांमागे.

आधी चाबकांचे कडकडाट ऐकू आले. मग जमीन हलल्यासारखी घंटांची गडगड, बँडलाही पुरून उरणारी. आणि मग वळणावरून ग्रेफिन आली. डोक्यावर फिती फडफडत होत्या, मधला आरसा एकेका घराच्या खिडकीचं प्रतिबिंब उचलून खाली टाकत होता. तिच्या पुढे वीबके. नोटबुर्गाचा सणाचा झगा तिला घोट्याच्या बराच वर येत होता, आणि तिला त्याचं काही नव्हतं. काठी खांद्यावर, मान ताठ, नजर समोर. मागून कळप वळणावर वळत राहिला, एकामागून एक, करड्या अंगांची आणि लाल-निळ्या-सोनेरी मुकुटांची न संपणारी नदी. ब्लेस दर दोन पावलांनी मान वळवून गाडीतल्या वासराकडे बघत होती, त्यामुळे तिचा मुकुट तिरपा झाला होता, पण पडला नव्हता.

लॉरेन्झ एका दाराच्या पायरीवर उभा होता. वीबके समोर आली तशी त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घातली, "वीबके!" आणि मग ती हाक रस्ताभर पुढे पुढे जात राहिली, एका दारातून दुसऱ्या दारात.

नोटबुर्गाच्या शेजारी एक पाहुणी उभी होती, तिच्याच वयाची, गळ्यात कॅमेरा. तिचे डोळे भरून आले होते आणि फोटो काढायचं राहून गेलं होतं.

"किती सुंदर आहे हो," ती म्हणाली. "ती पुढे चालते ती कोण?"

"कळप तिचा आहे."

"तुम्ही इथल्या दिसता. दरवर्षी बघत असाल."

नोटबुर्गाने तोंड उघडलं. दरवर्षी ती याच वळणावरून गेली होती. सगळ्यांच्या पुढे, काठी खांद्यावर, नजर समोर, सगळा कळप पाठीशी. पुढे चालणाऱ्याला मागे वळता येत नाही. गायी थांबतात.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बघतेय."

"अरे, मग मागे का उभ्या?" पाहुणीने तिचा हात धरला आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर टकटक केलं. "जरा सरका हो. यांनी कधी पाहिलेलं नाही. या, इथे पुढे या. इथून सगळं दिसतं."

लोकांनी वाट दिली. नोटबुर्गा काठी टेकत पुढे झाली.